धूर आतही नको, बाहेरही नको!

“काय? आमची गाडी उष्टं खाते?” रणधीरराव सरकार गरजले, आणि बंगल्याच्या पायरीवरची कबुतरं भुर्रकन उडाली.

सरकारांचं राज्य आजोबांच्या वेळीच गेलं होतं. राहिली होती मिशी, डाळिंबाची बाग आणि दुहेरी केबिनची एक डिझेल पिकअप. मागे क्रेट, पुढे सरकार! ती पिकअप आज घाटात दुसऱ्याच वळणावर धापा टाकू लागली, आणि चुलतभाऊ बापूसाहेबांची जुनाट पिकअप हॉर्न देत शेजारून पुढे गेली. तिच्यात शेळ्या होत्या. त्यातल्या एकीने मान वळवून सरकारांकडे पाहिलं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

वर बापूसाहेबांनी फोन करून अक्कलही शिकवली. म्हणे इंजिनाला ईजीआर नावाची नळी असते, तिच्यातून जळलेला धूर थोडाथोडा परत इंजिनात जातो. आम्ही ती काढून टाकली, म्हणून आमची गाडी पळते!

“स्वतःचाच धूर पुन्हा गिळायचा? हौसा, काढ ती नळी!”

हौसा म्हणजे त्या पिकअपची ड्रायव्हर. शेतकऱ्याची मुलगी. तिने लायसन काढलं तेव्हा गाव हसलं होतं; आता तेच गाव तिच्या गाडीत जागा मागायचं. स्टिअरिंगवर तिचा भारी जीव.

“सरकार, त्यो धूर उष्टा न्हवं,” ती म्हणाली. “निखारं लई फुललं की आपण वर राख सारतो का न्हाई? तसा त्यो आतला ताव दबवतो. न्हाईतर गाडी लई इखारी वायू सोडती.”

“आम्हाला चूल शिकवू नकोस!”

एवढ्यात गच्चीवरून बाईसाहेबांचा आवाज आला. “अहो, नळी काढा नाहीतर इंजिन काढा! पण बापूसाहेबांनी नळी काढून वर इंजिनात जाणारं डिझेलही वाढवून घेतलंय, आणि काल त्यांच्या गाडीनं माझ्या सगळ्या कुरडया काळ्या केल्या. आपल्या गाडीचा धूर बाहेर पडलेला मला चालायचा नाही!”

झालं! भाऊबंदासमोर मागे हटता येईना, आणि बाईसाहेबांसमोर पुढे जाता येईना. अशा वेळी मोठी माणसं जे करतात तेच सरकारांनी केलं. हुकूम सोडला.

“ऐक! उद्यापासून आमच्या गाडीचा धूर परत आत जाता कामा नये, आणि बाहेरही पडता कामा नये! शिवाय घाटात बापूसाहेबांना मागे टाकायचं. नाही जमलं, तर चावी ठेवायची आणि घरी जायचं!”

घरी जायचं म्हणजे पुन्हा भावाच्या ट्रॅक्टरमागे ढेकळं फोडायची. हौसाला रडू आलं आणि रागही आला. राग जरा जास्तच होता. धूर काय डबीत भरून ठेवायचा?

तिने तिथेच बॉनेट उघडलं आणि नळी सोडवली. आत बोट घातलं तर जाईना! काजळीचे थरावर थर. ते बघून मात्र हौसा एकटीच फिसकन हसली. सरकारांचा खाक्याच तसा होता. ते खाली उतरले तरी गाडी बंद करायची नाही. राजाचा घोडा कसा, खोगीर घालून तयार पाहिजे! सरकार पारावर तासन्‌तास गप्पा ठोकायचे आणि पिकअप शेजारी घुरघुरत उभी राहायची. दिवस मावळेपर्यंत हौसा ती नळी खरवडत, धूत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप पाराशी थांबली. सरकार उतरले. बघायला सगळा गाव लोटला होता. हौसाने खटकन चावी फिरवली, आणि गाडी गप्प झाली.

“गाडी बंद पडली?” सरकार दचकले.

“पडली न्हाई, केली. आता बघा सरकार, धूर आत जातुया?”

“नाही.”

“भाईर पडतुया?”

“नाही, पण...”

“मंग हुकूम पुरा झाला!”

पारावर हशा पिकला. सरकारांच्या मिश्या थरथरल्या. “हा चावटपणा झाला! चालत्या गाडीचं काय?”

“चालती गाडी म्हंजी संसार, सरकार! थोडं गिळायचं, थोडं सोडायचं, तवा कुठं पुढं जाती. इचारा बाईसाहेबांना!”

“घाट अजून बाकी आहे,” एवढंच पुटपुटून सरकार गाडीत बसले.

घाटात बापूसाहेबांची पिकअप काळा ढग सोडत पुढे चालली होती. हौसाने गिअर बदलला. पिकअपने अशी झेप घेतली की सरकारांची टोपी मागच्या सीटवर गेली! तिसऱ्या वळणावर बापूसाहेब मागे पडले. सरकारांनी खिडकीतून मुद्दाम डोकं बाहेर काढून त्यांना रामराम घातला.

घाटमाथ्यावर सरकार ऐटीत उतरले. बाजाराला निघालेली माणसं भोवती जमली. “बघितलंस? नळी काढलीस म्हणून पळाली!”

“नळी हाय तिथंच हाय. धुऊनपुसून परत बसवलीया. आतनं काढलं ते ह्ये!” हौसाने सीटखालून तुपाचा जुना डबा काढला. डबा काठोकाठ काळा.

“हे काय?”

“तुमच्या गप्पा!”

“काय?”

“उभ्या उभ्या घुरघुरली की गाडी काजळी धरती, सरकार. ह्यो वरचा थर परवाच्या पारावरचा. आन्‌ ह्यो तळाचा, गेल्या निवडणुकीचा!”

सरकार गोरेमोरे झाले. त्यांनी डब्यात पाहिलं, हौसाकडे पाहिलं, आणि मग असे खदाखदा हसले की मागून पोचलेले बापूसाहेबही, काय झालं ते न कळता, हसू लागले.

“चावी तुझीच!” सरकार डोळे पुसत म्हणाले. “पुढच्या महिन्यात दुसरी पिकअप येतेय, तिच्यावर ड्रायव्हरही तूच नेमायचा. आणि यापुढे आमच्या गप्पा सुरू झाल्या की...”

“गाडी बंद करू?”

“आम्हालाच बंद कर!” म्हणत सरकारांनी गळ्यातली जरीचं उपरणं काढलं आणि भर घाटमाथ्यावर, सगळ्यांदेखत, हौसाच्या डोक्याला फेटा बांधला.