आप्पांची बिनआवाजाची गाडी

एका जंगलात इतकी गर्दी झाली की त्याचं शहर झालं. झाडं तोडून उड्डाणपूल बांधला आणि मग पुलाला हिरवा रंग दिला. नाव ठेवलं करवंदनगर. करवंदं आता फक्त पाटीवर आहेत, पण पाटी छान आहे.

तिथं गवाआप्पांचं राज्य होतं. पुढं शिंगं, मागं कार्यकर्ते. आप्पा निघाले की सायलेन्सर काढलेल्या बाईकांचा ताफा. फाट फाट फाट. दोन चौक आधीच कळायचं. लोक बोलणं थांबवायचे, हात जोडायचे, ताफा गेला की धुरानं खोकायचे. त्यामुळं आप्पांना खरंच वाटायचं की आपली जनता कमी बोलते आणि तिला कायमचा खोकला आहे.

मग निवडणूक आली पंधरा दिवसांवर. आप्पांचा प्रवक्ता होता तरस. तरस प्रत्येक वाक्यानंतर हसतो. विनोद कळतो म्हणून नाही, पद टिकतं म्हणून.

"आप्पा, तरुण पोरांना हल्ली पर्यावरण आवडतं. ही ही."

"कुठं मिळतं ते?"

"इलेक्ट्रिक बाईक घेऊ. ही ही ही."

सभा झाली. आप्पा गरजले, "माझ्या शिंगवाल्या, नखवाल्या आणि शेपटीवाल्या बंधू-भगिनींनो! आजपासून धूर बंद! कोपऱ्याकोपऱ्यावर चार्जिंग स्टेशन!" खालून घोषणा उठली, "ना धूर, ना आवाज, हेच आप्पांचं राज!"

स्टेशनं झालीसुद्धा. फीत कापली, नारळ फोडला, आप्पांचा फोटो लावला. वायर तेवढी दुसऱ्या टप्प्यात होती.

आता खरं सांगतो, इलेक्ट्रिक गाडी भारी असते. मूठ पिळली की पळते. आणि शहर ऐकू यायला लागतं. कुकरच्या शिट्ट्या, सिग्नलवरची भांडणं, गॅलरीतलं फोनवरचं बोलणं. सगळं.

आप्पांनाही ऐकू यायला लागलं.

एका संध्याकाळी ते तरसाला मागं बसवून पुलाखालून निघाले. तिथं कोंडाक्का साळिंदरिणीची चहाची टपरी आहे. अंगावर काटे, जिभेवर त्याहून जास्त. टपरीवर नेहमीची मंडळी होती. गाडी मागं येऊन थांबली, कुणाला पत्ता नाही.

जेवणाची पार्सलं पोचवणारा बंड्या मुंगूस विचारत होता, "अक्का, यंदा कुणाला मत?"

"कुणालाही देईन, आप्पाला नाही. पाच वर्षं शिंगं दाखवली त्यानं. रस्ता दाखवला का?"

"पूल बांधला की."

"बांधला. सुरू होतो त्याच्या बंगल्यापाशी, संपतो त्याच्या मेव्हण्याच्या हॉटेलपाशी. मधे उतरायचं तर उडी मारा."

सगळी टपरी हसली. तरससुद्धा हसला, सवयीनं. आप्पांनी त्याला कोपर मारलं आणि गाडी आली तशी गुपचूप गेली.

दुसऱ्या दिवशी दोन आदेश निघाले. पहिला, कोंडाक्काची टपरी अतिक्रमण आहे, सोमवारी पाडणार. दुसरा, बिनआवाजाच्या गाड्यांमुळं सशांच्या जिवाला धोका असल्यानं प्रत्येक गाडीला भोंगा सक्तीचा. भोंग्यातून एकच वाक्य वाजणार, "आप्पा, तुम आगे बढो!"

ससे म्हणाले, आम्ही तक्रार केलेली नाही. त्यांना सांगितलं, तुमच्या वतीनं केलेली आहे.

नगरात पुन्हा गोंगाट सुरू झाला आणि आप्पांना शांत झोप लागली. पण भोंगा बॅटरी खायचा. बंड्याची गाडी अर्ध्या वाटेत बसायला लागली. तो सांबरांच्या सोसायटीत पार्सल घेऊन चालत पोचायचा.

"काय रे, गार झालंय हे!"

"काका, वाटेत आप्पा आगे बढत होते. मी मागं राहिलो."

अक्काचं तर सगळंच जाणार होतं. टपरी म्हणजे तिचं घर, दुकान, माहेर, सगळं तेच. "पाडू देत," ती म्हणायची आणि आधीच धुतलेले ग्लास पुन्हा धुवायची.

सोमवारी आप्पा स्वतः निघाले. जाहीर कार्यक्रम होता पर्यावरण रॅली. वाटेत टपरी पाडायची, मग आणखी एका चार्जिंग स्टेशनाचं उद्घाटन. सोबत रानडुकरांचं पाडापाडी पथक, तेही बाईकवर. प्रत्येक गाडीवर भोंगा, आप्पांच्या गाडीवर चार.

पुलाच्या मध्यावर रॅली हळू झाली. मग आणखी हळू. मग थांबली. चाक फिरवण्याइतकी बॅटरी उरली नव्हती, घोषणेपुरती मात्र होती. बंद पडलेल्या गाडीवर बसलेल्या आप्पांना चारही भोंगे सांगत होते, "आगे बढो!"

"जवळचं चार्जिंग स्टेशन कुठाय?"

"तीन आहेत आप्पा. ही ही. वायर नाही."

"वायर कुठाय?"

तरस पहिल्यांदाच हसला नाही. त्यानं पुलाखाली बोट दाखवलं.

अक्काच्या टपरीत एक प्लग होता. पुलाच्या खांबावर आप्पांचा हसरा बोर्ड आहे, त्यावरच्या दिव्यांची लाईट कधीच जात नाही. अक्कानं तिथूनच आकडा टाकलेला. ढकलत ढकलत गाड्या मेव्हण्याच्या हॉटेलपाशी उतरल्या आणि मागं फिरून पुलाखाली आल्या.

"लावा की," अक्का म्हणाली. "लाईट तुमच्याच बोर्डाची आहे. बसा. चहा घेता?"

गाडी प्लगला लागली. चार्जिंगसाठी भोंगे बंद करावे लागले. एकदम शांतता. रानडुकरं पहारी भिंतीला टेकवून खारी बुडवून खायला लागली.

आप्पा बाकावर अवघडून बसले. "काय म्हणतात लोक?"

"खूश आहेत," तरस म्हणाला.

"मला विचारा ना," बंड्या म्हणाला. मग काय, चहा पीत पीत सगळेच बोलले. पाणी, खड्डे, पूल, मेव्हणा, भोंगा. कुणी ओरडलं नाही. उलट मजेत बोलले, आप्पांना ग्लास भरून देत बोलले. शेवटी एका रानडुकरानंही हात वर केला आणि म्हणालं, "साहेब, मीपण नाही देणार मत."

आप्पांनी चहा संपवला. चांगला होता, हे त्यांना कबूल करावं लागलं.

अक्कानं ग्लास उचलला. "आता सांगा आप्पा. टपरी पाडणार का? पाडली तर प्लगही जाईल. गाडी निम्मीच चार्ज झालीय."

आप्पांनी गाडीकडं पाहिलं. घर पुलाच्या पार पलीकडच्या टोकाला होतं.

"पाडकामाला स्थगिती," ते म्हणाले. "निवडणूक होईपर्यंत."

टाळ्या पडल्या. अक्काला काही आनंद झाला नाही. "म्हणजे पंधरवडासुद्धा नाही," ती पुटपुटली.

पण आप्पा त्या दिवशी प्रथमच सगळं ऐकून घरी गेले होते. सकाळी तरसानं जाहीर केलं, प्रभागांच्या हद्दी नव्यानं आखायच्या असल्यानं निवडणूक पुढं ढकलली आहे. मग पावसामुळं ढकलली. मग परीक्षांमुळं. मग मतदारयादीत मृत कावळे सापडले म्हणून, आणि ते काढल्यावर यादी फारच छोटी झाली म्हणून.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. टपरी आहे तिथंच आहे, स्थगितीसुद्धा. रोज संध्याकाळी मंडळी जमतात आणि आप्पांना मोठमोठ्यानं नावं ठेवतात. पुलावरून जाणाऱ्या आप्पांच्या माणसांना नीट ऐकू जावं, याची काळजी घेतात.

परवा एक नवा मोर आला होता, बाहेरगावचा. चहाचा घोट घेऊन म्हणाला, "काही म्हणा, आप्पांनी काम बरं केलंय हो."

अक्कानं झटकन त्याच्या चोचीवर हात ठेवला. "हळू बोल मेल्या! त्यांनी ऐकलं तर निवडणूक लावतील."