गौराक्काची घागर

फार मागची गोष्ट. तेव्हा दगड घडवणारी माणसं दगडावर हात ठेवून त्याची खुशाली विचारत. त्या काळी एका टेकडीवर हैबतराव नावाचा सरदार राहत असे.

त्याच्या घराच्या उंबऱ्यापासून खालच्या वेशीपर्यंत काळ्या फरशांची वाट उतरत होती. फरशा एकशे सात. अर्ध्या उतारावर वाट वळायची. वळणाच्या एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला दगडी बांध, आणि बांधाखाली चार पुरुष खोल दरी. वाटसरू वाकडी वाट करून ती बघायला येत.

त्या मुलखातल्या पाथरवटांची एक रीत होती. पावसाळा सरला की वाटेला पाणी पाजायचं. उंबऱ्यापाशी एक घागर ओतायची, आणि पाणी जिकडे जाईल तिकडे त्याच्याबरोबर चालत जायचं. पाण्यानं थांबावं तिथं थांबायचं, पाण्यानं वळावं तिथं वळायचं. म्हातारी गौराक्का हे काम करी. तिच्या सासऱ्यानंच ती वाट बांधली होती.

पण सात वर्षं हैबतरावानं तिला दारातूनच परत पाठवलं होतं. वाटेच्या कडेला पाणी वाहून नेणारा एक उघडा चर होता. तो त्याला डोळ्यांत खुपे. त्यानं चरात माती भरून शेवंती लावली, फरशांचे सांधे चुन्यानं लिंपले. वाट आरशासारखी झाली. सगळ्यांनी वाहवा केली.

आठव्या वर्षी गौराक्का पुन्हा आली. त्या दिवशी हैबतरावाची एकुलती एक लेक, चंद्रा, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. आठवा महिना होता. तिची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, नदी ओलांडताना वरून दिसत होती.

हैबतराव आनंदात होता. तो हसून म्हणाला, "अक्का, गेल्या दसऱ्याला या वाटेवरून हत्ती गेला. आता तुझी घागर काय वेगळं सांगणार?"

"हत्ती वरनं चालतो, धनी," गौराक्का म्हणाली. "पाणी खालनं चालतं."

चांगल्या दिवशी म्हातारीचं मन कशाला मोडा, म्हणून त्यानं तिला घागर ओतू दिली. पाणी फरशांवरून झुळझुळत निघालं. गौराक्का त्याच्या चालीनं चालू लागली. वळणापाशी, चोपन्नाव्या फरशीवर, पाणी जरा रेंगाळलं. मग शेवंतीच्या वाफ्याकडे सरकलं आणि केसाएवढ्या एका फटीत शिरलं. पुढच्या फरशा कोरड्याच राहिल्या.

तिनं दुसरी घागर ओतली, मग तिसरी. सात घागरी त्या फटीनं गिळल्या, आणि वर एक बुडबुडासुद्धा आला नाही.

हैबतराव म्हणाला, माती तहानलेली असेल, त्यात काय एवढं. गाडी वर येऊ दे, मग बघू.

गौराक्कानं वाद घातला नाही. तिनं कनवटीची हळद काढून आठव्या घागरीत कालवली आणि ती घागर फटीवर हळूहळू रिकामी केली. मग हैबतरावाला हात धरून बांधाच्या कडेशी नेलं आणि खाली बघायला सांगितलं.

बराच वेळ काही झालं नाही. शेवंतीवरच्या मधमाश्यांचा आवाज तेवढा येत होता. मग बांधाच्या पार पायथ्याशी, उंबराच्या मुळ्यांतून, एक थेंब गळला. पिवळा. त्यामागून दुसरा. मग पिवळी धार लागली, आणि तिच्याबरोबर माती वाहू लागली.

हैबतरावाचे हात आपोआप जोडले गेले. कोणासमोर, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

गड्यांनी पहारी घालून ती फरशी उचलली, तेव्हा खाली जमीन नव्हती. एक उभी गाय मावेल एवढी पोकळी होती, आणि तिच्या भिंती मडक्याच्या आतल्या अंगासारख्या गुळगुळीत होत्या. सात पावसाळे, कसलाही आवाज न करता, पाण्यानं तिथं कोरीव काम केलं होतं. तेवढ्यात शेजारच्या दोन फरशा कोणी हात न लावता खचल्या. त्या तळाला लागल्याचा आवाज सगळ्यांच्या छातीत वाजला.

खाली वेशीतून दमणीची घुंगरं ऐकू आली.

हैबतराव गवतातून, काट्यांतून, अनवाणी धावत सुटला. चढ सुरू होण्याआधीच त्यानं बैलांची वेसण धरली.

चंद्रानं पडदा सारला. बापाच्या पायांवरचं रक्त बघून ती म्हणाली, "आबा, एवढं धावत आलात? मी काय रुसून परत निघाले होते?"

त्यानं तिला डोलीत बसवलं आणि मागच्या पायवाटेनं, स्वतः खांदा लावून, घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी शेवंती त्यानं आपल्या हातांनी उपटली आणि चर मोकळा केला. पोकळी दगडमातीनं भरायला गौराक्काच्या माणसांना महिना लागला. चंद्राला मुलगी झाली त्या दिवशी शेवटची फरशी बसली.

पुढं दर वर्षी पावसाळा सरला की हैबतराव स्वतः घागर भरून उंबऱ्यापाशी उभा राही, आणि गौराक्का आल्याशिवाय ती ओतत नसे.

बोध हाच, की वरच्या चकाकीची वाहवा ऐकताना खालच्या आधाराची विचारपूस कधी सोडू नये.