गोणपाटावरचं पागोटं

फार पूर्वी, मिठाचे बैल घाट चढायला दोन मुक्काम घेत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरापल्याडच्या एका सुभ्यात दर पाच वर्षांनी रयतच सुभेदार निवडायची. चावडीपुढे उमेदवारांची मडकी मांडत. ज्याच्या मडक्यात चिंचोके जास्त, तो सुभेदार.

त्याआधीच्या बाजारी मात्र उमेदवाराने गोणपाटावर बसायचं, लोक बोलतील ते ऐकायचं आणि उलट बोलायचं नाही, अशी रीत होती.

तेव्हाचा सुभेदार मूळचा मीठवाला. पहिल्यांदा बसला, तेव्हा एका म्हातारीने सुनावलं होतं, "मेल्या, तुझ्या मिठात खडे असतात. आणि आमच्या विहिरीच्या पायऱ्या निखळल्यात, त्या कोण बघणार?" सगळा बाजार हसला, तोही हसला. निवडून येताच त्याने आधी त्या पायऱ्या बांधल्या. तो दिवस, ते ऊन, ओल्या गोणपाटाचा तो वास त्याला गडावर कितीदा तरी आठवे.

पाच वर्षं सरली. सुभेदारकी पुन्हा हवी होतीच, पण निवडीनंतरच्या मिरवणुकीच्या तयारीतून गोणपाटावर बसायला सवड होईना.

कारभारी म्हणाला, "सरकार, नवरदेवाला जमलं नाही तर त्याची तलवार पाठवून लग्न लागतंच ना? आपण पागोटं पाठवू."

"लोक काय म्हणतील?"

"पागोट्याला काय म्हणणार?"

सुभेदाराने हसून पागोटं उतरवून दिलं. दिवसभर ते गोणपाटावर बसलं. म्हातारी काठी टेकत आली, जरा वेळ बघत राहिली. "याला कान कुठे आहेत?" म्हणाली आणि परत गेली.

निवडीच्या दिवशी दुसऱ्या उमेदवाराचं, एका तेल्याचं, मडकं चिंचोक्यांनी भरून वाहत होतं. सुभेदाराच्या मडक्याभोवती मुंडाशांची रास पडली होती. आत चिंचोका एकच, त्याचा स्वतःचा. कारभारी दुसरीकडे बघत होता.

"हे काय?"

"तेली स्वतः बसला, म्हणून त्याच्याकडे आम्ही स्वतः गेलो," म्हातारी म्हणाली. "तुमच्याकडे मुंडाशी पाठवलीत, सरकार. गोड मानून घ्या."

पुढच्या बाजारी जुन्या जागी गोणपाट पसरून तो मीठ विकायला बसला. म्हातारी आली.

"बोल आजी, आता ऐकतोय. काय सांगायचं होतं त्या दिवशी?"

"ते तेल्याला सांगितलं," म्हातारीने ओटी पुढे केली. "तू मीठ दे. आणि खडे काढून दे."

तात्पर्य इतकंच: मागायला जे पाय गेले, त्यांनी ऐकायलाही जावं.