हलका हंडा

"सोप की रेस्ट? एक्सएमएल की जेसन? सर, एकदाचं सांगून टाका."

वल्लरी सोमण सरांच्या घराच्या पायरीवरच टेकली. टेकडी चढून घसा कोरडा पडला होता, आणि महिनोन् महिने नव्या ॲपवरून ऑफिसातली तीच भांडणं ऐकून जीव विटला होता.

मिराशी सर अळूच्या वाफ्यातलं तण काढत होते. आयुष्यभर त्यांनी संगणक शिकवला, वल्लरीलाही.

"फोन आणि आमचा सर्व्हर एकमेकांना निरोप कसे पाठवतात, त्याच्या या दोन पद्धती, सर. सोपमध्ये निरोप एक्सएमएलच्या पाकिटात घालून, शिक्कामोर्तब करून जातो. रेस्ट सुटसुटीत, जेसनमध्ये. निरोपाचं वजन अर्ध्यावर येतं. माझंच बरोबर आहे सर. तुम्ही म्हणालात की सगळे गप्प बसतील."

"ॲप कुणासाठी?"

"डोंगरातल्या नर्ससाठी. अडलेल्या बाईला कुठे न्यायचं, डॉक्टर कुठे हजर आहे, एवढं विचारायला. परवा तुळजा वळवी सिस्टरांच्या फोनवर, तिथल्या जेमतेम रेंजमध्ये, नुसतं चक्र फिरत राहिलं. शेवटी त्यांनी अंदाजाने गाडी धाडली. तिथे डॉक्टर नव्हते..."

"बाई?"

"वाचली. बाळ गेलं."

सरांनी हातातलं तण बाजूला ठेवलं.

"सिस्टरांनी विचारलं की उत्तरात काय पाठवता?"

"जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांची सगळी माहिती. खाटा, यंत्रं, इमारतीचे फोटो... असू दे म्हटलं, लागलं तर. ऑफिसात झटक्यात यायचं हो!"

सर हात धुऊन आत गेले. काठोकाठ भरलेला पितळी हंडा फरफटत आणून त्यांनी तिच्यापुढे ठेवला.

"दमलीयस. पी."

तिने हंडा कसाबसा कलता केला. पाणी नाकातोंडात गेलं, ओढणी भिजली, घसा कोरडाच राहिला.

"असं कसं पिणार, सर?"

"जड आहे, नाही का? ॲल्युमिनियमचा आणतो. हलका असतो."

"त्यातही पाणी तेवढंच ना!" ती वैतागून म्हणाली.

आणि आपलंच बोलणं तिला ऐकू आलं.

तिने ओंजळ पुढे केली. सरांनी तांब्याने धार धरली. ओंजळ भरली तशी थांबवली. ती पाणी प्यायली, तिने पुन्हा हात पुढे केले. त्यांनी पुन्हा धार धरली.

तिसऱ्या ओंजळीला तिला रडू आवरेना.

"सर... मग काय सांगू मी ऑफिसात?"

सरांनी तांब्या खाली ठेवला.

"तुळजाबाईंची ओंजळ बघितलीयस कधी?"