हळदीचा व्यापारी आणि लाकडी हात

हळदीच्या पेठेतला एक मोठा व्यापारी एकदा गावाबाहेरच्या टेकडीवरील पाठशाळेत आला. तेथील वृद्ध आचार्यांना नमस्कार करून तो खाली बसला आणि दुसरे काहीही न बोलता म्हणाला, “गुरुजी, मला संन्यास द्या.”

आचार्यांचा शिष्य तेव्हा जवळच बसून पोथीची सुटी पाने लावत होता. अकरा वर्षे तो आचार्यांपाशी राहिला होता. त्यांच्या मागे पाठशाळा तोच चालवणार, असे सगळे धरून चालले होते. त्याचा हात पानांवरच थांबला.

व्यापाऱ्याचे वय त्रेसष्ट होते. पाच महिन्यांपूर्वी त्याची पत्नी वारली होती. दोन्ही मुली दूरच्या गावी सुखाने नांदत होत्या आणि दुकान पुतण्यांनी नीट सांभाळले होते. “घरात आता मी आणि स्वयंपाकाच्या द्वारकाबाई,” तो म्हणाला. “त्याही दुपारी त्यांच्या घरी जातात. मला कशात गोडी उरली नाही. हे सगळे मिथ्या आहे, हे मला पटले आहे. पेठेतले माझे दुमजली घर पाठशाळेला देतो. तुम्ही मला पदरात घ्या.”

शिष्याच्या मनात आनंदाची लहर उठली, आणि तिची त्याला थोडी लाजही वाटली. पाठशाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरत असे. चैत्र लागला की दुपारी पत्रा असा तापे की विद्यार्थ्यांच्या कपाळावरचा घाम पानांवर पडे, आणि चार वाजेपर्यंत पाठ बंद ठेवावे लागत. व्यापाऱ्याचे ते घर शिष्याने पाहिले होते. जाड दगडी भिंती, गार माजघर, वर लांबलचक दिवाणखाना. देहाच्या नश्वरतेवरचे तीन श्लोक त्याला लागलीच आठवले. गुरुजींनी पहिला म्हटला की दुसरा आपण म्हणावा, म्हणून तो सावरून बसला.

आचार्यांनी श्लोक म्हटला नाही. ते म्हणाले, “शेठजी, काल सकाळी उठलात तिथपासून सांगा. दिवसभर काय काय केलेत?”

व्यापारी गोंधळला. “काय करणार? नेहमीचेच. मन रमत नाही.”

“मनाचे नंतर पाहू. उठलात, मग?”

“उठलो. चष्मा सापडेना. अर्धा तास शोधला. देवघरात ठेवला होता मीच. पूर्वी मी नुसता खाकरलो तरी ती आणून द्यायची. मग आंघोळ.” तो घुटमळला. “उन्हाळ्यात मला फार घामोळे येते. पाठीवर, अगदी मधोमध, जिथे खालून हात पुरत नाही आणि वरूनही पुरत नाही. परवा दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा होतो. द्वारकाबाई नेमक्या तिथून गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मी दिवसभर त्यांच्यासमोर गेलो नाही.”

“बरं, पुढे?”

“दुपारी सदऱ्याचे बटण तुटले. म्हटले, लावू आपणच. दोरा काही सुईत जाईना. द्वारकाबाईंना सांगितले असते तर त्यांनी लावून दिले असते, पण त्या गेल्या होत्या. तासभर सुई घेऊन बसलो होतो, गुरुजी.” तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “आणि रडलो. बटणासाठी कोणी रडते का? तेव्हाच ठरवले की आता हा संसार पुरे.”

आचार्य म्हणाले, “उद्या या.”

व्यापारी गेल्यावर त्यांनी शिष्याला जवळ बोलावले. “आज आठवड्याचा बाजार आहे. तीन वस्तू आण. चष्मा गळ्यात अडकवायची दोरी. सुईत दोरा ओवायची तार. आणि पाठ खाजवायचा लाकडी हात.”

शिष्याने प्रश्न विचारला नाही, कारण तसा तेथे रिवाज नव्हता. पण टेकडी उतरताना तो मनातून खट्टू झाला होता. बाजारात कटलरी सामान मांडून बसलेल्या एका म्हातारीकडे तिन्ही वस्तू मिळाल्या. फण्या, पिना आणि आरशांच्या खाली हात घालून तिने त्या शोधून काढल्या. तारेचे साधन म्हणजे नखाएवढा पत्रा आणि त्यातून निघालेला केसासारख्या बारीक तारेचा फासा. लाकडी हाताला पाच बोटे होती, थोडी आत वळलेली. तिन्हींची मिळून किंमत दोन चहांएवढी झाली.

“ह्या वस्तू खपतात का हो?” शिष्याने विचारले.

“कुठल्या खपतात? बघतात, हसतात आणि पुढं जातात,” म्हातारी म्हणाली. “पण एकदा नेली की तोच माणूस परत येतो. म्हणतो, अजून एक द्या, भावाला द्यायची आहे.”

दुसऱ्या दिवशी व्यापारी सकाळीच आला. स्नान करून, पांढरे धूतवस्त्र नेसून. पितळी तबकात घराच्या किल्ल्या होत्या आणि त्यांवर एक फूल ठेवले होते. आचार्यांनी तबकाकडे पाहिले, मग वर्तमानपत्रात बांधलेली पुडी त्याच्यासमोर ठेवली. व्यापाऱ्याने ती भक्तिभावाने उघडली. तिन्ही वस्तू तो उलटसुलट करून पाहत राहिला.

“हे वापरा,” आचार्य म्हणाले. “दीड महिन्याने या. तेव्हाही संन्यास हवासा वाटला तर मी नाही म्हणणार नाही.”

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. आवाज न चढवता तो म्हणाला, “गुरुजी, माझी बायको गेली आहे. आणि तुम्ही मला लाकडाचा हात देता?”

“त्यांच्या जागी ठेवायला देत नाही,” आचार्य म्हणाले. “घामोळ्यासाठी देतो.”

व्यापारी उठला, तबक उचलले आणि निघून गेला. पुडी तशीच राहिली. आचार्यांच्या सांगण्यावरून शिष्य ती त्याच्या घरी पोचवायला गेला. मालक भेटले नाहीत. द्वारकाबाईंनी दारातच पुडी घेतली. त्यांच्या मागे ते गार माजघर दिसत होते, आणि शिष्य क्षणभर तिकडे पाहत उभा राहिला.

त्या दिवसापासून त्याचे मन पाठशाळेतून उडाले. दुःखाने पोळलेला एक माणूस दाराशी आला होता. त्याला ज्ञान द्यायचे सोडून गुरुजींनी बाजारातले खेळणे हातात ठेवले. गुरुजी थकले असावेत, असे त्याला वाटू लागले. त्यांच्याजवळचे शिकण्यासारखे आता संपले असावे. दूरच्या एका नगरातील विख्यात पंडितांना त्याने पत्र लिहिले, की मला आपल्याकडे अध्ययनासाठी यायचे आहे. पत्र त्याने पुष्कळ दिवस पोथीत ठेवले. दीड महिना उलटला, व्यापारी फिरकला नाही. तेव्हा त्याने ते खिशात घातले आणि टपालात टाकायला तो पेठेत गेला.

हळदीच्या वखारीवरून जाताना त्याला हाक आली. “शास्त्रीबुवा, जरा या इकडे.”

व्यापारी गादीवर बसला होता. चष्मा दोरीने छातीवर लोंबत होता. त्याने शिष्याला शेजारी बसवून घेतले, चहा मागवला आणि विचारायची वाट न पाहता सांगू लागला.

“तुमच्या गुरुजींचा मला फार राग आला होता. पुडी मी कपाटात फेकून दिली. पंधरा दिवस तिला हात लावला नाही. मग एका दुपारी घामोळ्याने जीव नकोसा झाला. घरात कोणी नव्हते. म्हटले, आता कोण बघते आहे? काढला तो हात.” तो हसला. “बुवा, तुम्हाला काय सांगू? डोळे मिटले माझे. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी मोठ्याने हसलो. आणि हसत हसत हिला सांगायला वळलो.”

चहा आला होता, पण कोणीही पेला उचलला नाही.

“मग पुष्कळ रडलो. पण ते रडणे निराळे होते. मग एकेक सुचत गेले. दोरी लावली, चष्मा सापडायला लागला. त्या तारेने दोरा ओवला आणि बटण लावले, वाकडे का होईना. आणि एक दिवस ध्यानात आले की मी इतके महिने तिच्या नावाने चष्मा शोधत होतो. तिच्या नावाने बटणापाशी बसत होतो. ती आठवली की पाठोपाठ माझी गैरसोय आठवायची. आता नुसती तीच आठवते. ती पत्त्यांत लबाडी करायची, बुवा. मी पकडली की उलट माझ्यावरच रागवायची. हे मी साफ विसरलो होतो.”

“आणि संन्यास?” शिष्याने हळूच विचारले.

“गुरुजींना तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून आलो नाही.” व्यापाऱ्याने वखारीच्या आतल्या बाजूला बोट दाखवले. “ते बघा.”

आत हमाल हळदीची पोती रचत होते. सगळ्यांचे खांदे आणि पाठी पिवळ्या झाल्या होत्या. खांबाला ओळीने खिळे ठोकले होते आणि प्रत्येक खिळ्याला एक लाकडी हात टांगला होता.

“पोत्यांतली धूळ घामात बसते आणि पाठ पेटते. मी आधी एकच आणून टांगला होता. दोन दिवसांत त्यावरून भांडणे झाली, मग प्रत्येकाला आपापला दिला. चाळीस वर्षे ही माणसे माझा माल पाठीवर वाहत आली. त्यांची पाठ खाजते, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.”

शिष्य टपालपेटीवरून गेला, पण त्याने पत्र टाकले नाही. टेकडी चढून तो सरळ आचार्यांपुढे जाऊन बसला. त्याने वखारीतली सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी खिशातले पत्रही काढून त्यांच्यासमोर ठेवले.

आचार्यांनी पत्र वाचले, घडी घालून परत दिले. “पंडित मोठे आहेत. जायचे असेल तर अवश्य जा. माझा राग नाही.”

“गुरुजी, त्या दिवशी माझ्यापाशी तीन श्लोक तयार होते.”

“ते मलाही आठवले होते. तिन्ही खरे आहेत.” आचार्य म्हणाले, “पण असे आहे, मोठे दुःख कोणाचे कोणाला काढून घेता येत नाही. ते ज्याचे त्याने सोसायचे असते. मात्र त्या दुःखाला दहा बारीक अडचणी चिकटून बसतात, आणि माणूस सगळ्यांना मिळून एकच नाव देतो. शेठजी त्याला संसाराची असारता म्हणत होते. उद्या भगवी वस्त्रे दिली असती तरी भगव्याखाली पाठ खाजलीच असती. मग ते संन्यासालाही कंटाळले असते. जेवढे हाताने दूर होण्यासारखे आहे तेवढे आधी दूर करावे. उरते ते खरे दुःख. त्याच्यापाशी माणूस शांतपणे बसू शकतो.”

“पण इतकी साधी वस्तू त्यांनी स्वतः का घेतली नाही? त्यांना काय कमी होते?”

“कमी नव्हते, म्हणूनच. मोठी वस्तू नसली तर माणसाला उणीव भासते. लहान वस्तू नसली तर त्याचे भागते. आणि एकदा भागते म्हटले की तो जन्मभर भागवत राहतो. दाराची चौकट असतेच ना. स्वस्त वस्तू विकत घ्यायला पैसा लागत नाही. आपल्याला नेमके काय टोचते आहे, हे स्वतःशी कबूल करावे लागते, आणि त्याची माणसाला लाज वाटते. दुसऱ्याला काय टोचते हे विचारायचे तर आपल्याला सुचतच नाही.”

पाठशाळा त्या वर्षीही पत्र्याखालीच भरली. व्यापारी आपल्या घरात राहिला. शिष्याला त्या घराची आठवण पुन्हा आली नाही असे नाही, पण ती टोचेनाशी झाली.

हे बोलणे झाले त्या संध्याकाळी मात्र तो बराच वेळ तेथेच बसून राहिला. जायला उठला, आणि पुन्हा खाली बसला. “गुरुजी,” तो म्हणाला, “एक विचारू का? आपल्याला काही अडचण आहे?”

आचार्यांनी मान वर केली. हा प्रश्न त्यांना अनपेक्षित असावा. “मला? नाही रे. मला काय अडचण असणार?” मग थोड्या वेळाने ते आपल्या मनगटाकडे पाहत, जरा संकोचून म्हणाले, “तसे काही नाही. पण हा पितळी तांब्या अलीकडे उचलवत नाही. भरलेला असला की मनगटात कळ येते. मग तहान लागली तरी मी राहू दे म्हणतो. हलका असता तर बरे झाले असते.”

तो तांब्या अकरा वर्षे रोज पहाटे शिष्यच घासून, लखलखीत करून, काठोकाठ भरून त्यांच्या बैठकीपाशी ठेवत आला होता. अलीकडे तो संध्याकाळी बहुतेक भरलेलाच परत येई, हेही त्याने पाहिले होते. गुरुजींनी तहानेवर जय मिळवला आहे, असे तो नव्या विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगत असे.

सकाळी पेठेत जाऊन त्याने जर्मन धातूचा एक छोटा, हलका गडू आणला आणि भरून आचार्यांच्या हाताशी ठेवला. आचार्यांनी तो एका हाताने सहज उचलला, पाणी प्यायले आणि पुन्हा वाचू लागले. दुपारपर्यंत शिष्याला तो तीनदा भरावा लागला.