मितव्रतांनी मागितलेला एकांत

कृतयुग सरत आले होते, त्या काळी पश्चिमसमुद्राच्या तीरावरील वेत्रवन नामक घनदाट अरण्यात, एका टेकडीवर मितव्रत ऋषींचा आश्रम होता. भोजनापूर्वी ऋषी अंगणात भूतबलीचे, म्हणजे प्राणिमात्रांच्या वाट्याचे, घास मांडीत आणि मृग, मर्कट, मुंगूस, मयूर, धनेश पक्षी असा सगळा गोतावळा त्यांवर तुटून पडे. त्या गलक्याने जप चुकतो, याचे ऋषींना भारी वैषम्य वाटे.

तपाने प्रसन्न होऊन वरुण प्रकटला, तेव्हा त्यांनी एकांतासाठी बेट मागितले. केवढे हवे आणि किती दूर, असे वरुणाने विचारले. मोठे मागावे तर लोभी ठरू, ही त्या निःस्पृह महात्म्यांना धास्ती. आपल्या निरिच्छतेचा त्यांना अंमळ अभिमानच होता म्हणा ना!

"जलाधिपते, ही टेकडी तेवढी पुरे. मात्र किनारा दिसणार नाही इतकी दूर न्यावी."

"मुनिवर, टेकडीवर तुम्ही एकटे राहत नाही."

ऋषींनी तिकडे कानाडोळा केला. पृथ्वी थरारली, टेकडी तुटली आणि पाहता पाहता क्षितिजापार गेली.

टेकडीवर एक बिबट्याही होता; एवढ्याशा रानात त्याचे पोट भरेना. तो आधी मेला. मग एका कोरड्या उन्हाळ्यात उरलीसुरली हरणे मेली. किनाऱ्यावर असते तर शेजारच्या रानातून दुसरी आली असती. इथे गेलेल्याची जागा भरायला कोण येणार? वर्षे लोटली. एके दिवशी ऋषींचा जप एकदाही न चुकता पार पडला. त्यांनी आनंदाने डोळे उघडले, तर सगळे घास जागच्या जागी वाळत पडलेले. समोर धनेशाची एकच मादी बसली होती.

मितव्रतांची मान शरमेने खाली गेली. सारे तपोबल समुद्रात सोडून त्यांनी वरुणाची करुणा भाकली.

"दिलेला वर फिरत नाही," वरुण म्हणाला. "पण यापुढे माझ्या लाटा आणि वारे बेटांवर बीज नि जीव वाहून नेतील. जवळच्या बेटावर पुष्कळ पोहोचतील, दूरच्यावर थोडे. मोठ्यावर पुष्कळ टिकतील, लहानावर थोडे."

"आणि हिला जोडीदार?"

"इतक्या दूर? तेवढे तिचे आयुष्य नाही."

ऋषींनी तळहातावर घास धरला. मादीने तो नेहमीसारखाच विश्वासाने उचलला. त्यांना तिच्याकडे पाहवेना.

तेव्हापासून किनाऱ्यालगतची थोरली बेटे गजबजलेली असतात आणि दूरची चिमुकली बेटे मुकी. मितव्रतांना तिथे अखेरपर्यंत एकांत लाभला.