येसू तांडेलणीचं पायधुणं

या, बसा, अजून पुढे सरका! आणि तू, खोबरं नंतर खा. आज येसूची गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला कुणी मध्ये बोललेलं चालत नाही.

फार मागची गोष्ट. तुमच्या पणज्याचा पणजा रांगतही नव्हता, तेव्हाची. आपल्या आंबेखारात तेव्हा खाडीला मातीचा बांध होता. उधाण आलं की बांध फुटायचा, खारं पाणी भातात शिरायचं, आणि मग कित्येक वर्षं त्या जमिनीत गवताची काडी उगवायची नाही. घरंच्या घरं उठून चालली होती. शेवटी गावाने ठरवलं, आता बांध दगडाचा.

सदू पाथरवट म्हणाला, "दगड बेटावरचो काळो व्हयो. हयचो तांबडो जांभो खाऱ्या पाण्यात टिकाचो नाय."

सातेरी देवीच्या देवळात विडा मांडला. जो उचलेल त्याने दगड आणायचा, आणि पहिल्या उधाणाला आपण आणलेल्या दगडावर स्वतः उभं राहायचं! बांध टिकला तर मान, नाही टिकला तर... अहो, पुरुष सगळे खांब न्याहाळायला लागले. बेटाजवळची लाट म्हणजे काय थट्टा!

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरा, सरा! वाट द्या!" ती येसू. तांडेल नवरा वारलेला, त्याचा मचवा आता तीच हाकायची. तिने हाक मारली की पलीकडच्या गावातली कुत्री भुंकायची, असं म्हणतात. तिने विडा उचलला आणि सरळ तोंडात टाकला.

मग काय विचारता! मचवा भरून येसू यायची, दगड उतरवायची, पुन्हा जायची. तिचं शीड दिसलं की लाटा बाजूला व्हायच्या, असं म्हणतात. पण शेवटी शेवटी तिला ताप भरला, आणि दोन खेपा तिच्या दिराने केल्या. त्याचं नाव? नाही सांगणार. ते मागाहून.

दीर घाबरट. बेटाची लाट बघून त्याची पाचावर धारण बसली. त्याने जवळच्या टेंबावरून, म्हणजे टेकाडावरून, जांभा भरला आणि किनाऱ्याच्या चिखलात लोळवून आणला. खाडीत सगळंच चिखलाने काळं होतं, कोण बघतंय? सदूची नजर म्हातारी. दगड बांधात बसले.

बांध पुरा झाला. गावात नुसता जल्लोष! दुसऱ्या दिवशी पुनवेचं मोठं उधाण यायचं होतं. त्याच संध्याकाळी येसू तापातून उठली, अनवाणी सगळ्या बांधावरून चालत ओटी घेऊन देवळात निघाली. पायरीशी पाय धुतले, तर पाणी लाल! काळ्या चिखलाखालून लाल पाणी कुठून येणार? ती तशीच माघारी पळाली. उघाडीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळच्या, दगडावर टाच घासली. टाच तांबडी!

"बांध फोडा! हयचो दगड खोटो आसा!"

बापू गावकार धावत आला. "येसू, खूळ लागला काय तुका? उद्या उधाण!"

सदूने कुदळ मारली, दगडाचा भुगा झाला. तो कपाळाला हात लावून म्हणाला, हा तुकडा वाहून गेला तर सगळा बांध ओढून नेईल. सगळ्यांचे डोळे दिराकडे वळले. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. दोघे तर बाह्या सरसावून पुढे आले.

येसू मध्ये उभी राहिली. "इडो मिया उचललंय. दगड बघूक व्हयो होतो तो मिया. ह्याचा नाव कोणी घेवचा नाय, सांगून ठेवतंय!"

आणि गेली की बेटावर! गावाने रातोरात खोटा दगड उपटला. सकाळी भरती लागली. बांधाला हे भगदाड, पाणी चढतंय, आणि शीड कुठेच दिसेना! बायका रडू लागल्या. बापूने देवीला गाऱ्हाणं घातलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "इली! इली रे इली!"

काळ्या दगडाने काठोकाठ भरलेला मचवा, शीड फुगलेलं, सरळ भगदाडावर! वाट द्या म्हणायचीही गरज पडली नाही. मचवा आडवा घुसला, घट्ट अडकला, आणि येसूने कुऱ्हाड घेऊन स्वतःच्या मचव्याचा तळ फोडला. नवऱ्याची एकच ती आठवण, तोच तिचा भाकरतुकडा! मचवा बसला. पहिली उडी कुणी मारली असेल? दिराने! पाठ लावून उभा राहिला, त्याच्यामागे सगळं गाव, हातोहात दगड.

येसू वर उभी. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. तिने दर्याला बोट दाखवलं. "हय थांब! फुडे माझो गाव आसा!"

आणि दर्या थांबला. असं म्हणतात, की उधाण तिच्या कमरेला तासभर टेकून राहिलं, आणि मग लेकरासारखं मुकाट परत फिरलं. भात वाचलं. गाव वाचलं.

म्हणून आजही आंबेखारात घर बांधा, शाळा बांधा, जो माल आणतो त्याने आणलेल्या ढिगावरून अनवाणी चालायचं आणि मालकासमोर पाय धुवायचे. मगच नारळ. गेल्या साली तालुक्याचा ठेकेदार हसत हसत बूट काढून चढला, आणि उतरल्यावर गपचूप अर्धा ट्रक परत घेऊन गेला!

आणि हो, त्या दिराचं नाव. मलाही ठाऊक नाही, माझ्या आज्यालाही नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी पुन्हा कधी घेतलंच नाही. येसूने सांगितलं होतं ना.